पोथीवरच्या गाठी

एकदा एका नदीकाठच्या गावी एक वृद्ध वैद्य राहत होते आणि त्यांच्या घरी एक शिष्य विद्या शिकत होता. वैद्यांचं नाव नारोपंत, शिष्याचं नाव त्र्यंबक. ह्या त्र्यंबकाचा अभ्यास पाहून येणारा-जाणारा थक्क होई. पहाटे तो ओसरीवर पोथी उघडून बसे, पहिल्या पानापासून वाचू लागे, आणि हाक मारल्याखेरीज जागचा हलत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लोक म्हणत, "काय हो ह्या पोराची चिकाटी!" नारोपंत ते ऐकत आणि आपल्या कामाला लागत.

असे विद्यार्थी तुम्हीही पाहिले असतील. कदाचित तुमच्याच घरात एखादा असेल. आई कौतुकानं सांगते, "सकाळपासून पुस्तकातून डोकं वर काढलेलं नाही हो त्यानं," आणि परीक्षेच्या दिवशी तोच मुलगा पडलेल्या चेहऱ्यानं घरी येतो. "सगळं वाचलं होतं गं, ऐन वेळी आठवलंच नाही." मग आपण कुणाला दोष देतो? नशिबाला देतो, पेपर काढणाऱ्याला देतो, आणि तेही पुरलं नाही तर त्या बिचाऱ्याच्या डोक्याला देतो. अहो, डोक्याचा दोष फार क्वचित असतो. दोष कुठे असतो, ते ह्या त्र्यंबकाकडे पाहून नीट कळेल.

त्र्यंबक डोंगरातल्या एका वस्तीचा मुलगा होता. पावसाळा सरत आला की त्या वस्तीत दरवर्षी तापाची साथ येई. जवळचा वैद्य म्हणावा तर तो दोन घाटांपलीकडे. रोग्याला डोलीत घालून निघायचं आणि निम्म्या वाटेवरून डोली परत आणायची, असं इतक्यांदा झालं होतं की लोकांनी डोली काढणंच सोडून दिलं होतं. शेवटी वस्तीतल्या जाणत्या माणसांनी ठरवलं, की आपल्यातलाच एक मुलगा वैद्य करून आणायचा. बाळोजी नावाच्या वृद्ध गृहस्थांनी त्र्यंबकाला स्वतः नारोपंतांच्या दारी आणून सोडलं होतं. निघताना ते एवढंच म्हणाले होते, "तिंबका, तुझं रान आम्ही कसू. तुझ्या आईकडं आम्ही बघू. तू फक्त शिकून ये."

त्या काळी त्या प्रांतात एक रीत होती. गुरूनं शिकवलं म्हणून कुणी वैद्य होत नसे. वर्षातून एकदा देवळाच्या मंडपात जाणत्या वैद्यांची सभा भरे आणि तिथे शिष्याची शलाकापरीक्षा होई. शलाका म्हणजे साधी धातूची सळई. शिष्याची पोथी मिटलेली समोर ठेवत. पोथी सुट्या पानांची. परीक्षक ती सळई पानांच्या थरात कुठेही खुपसत, आणि जिथे ती जाईल त्या पानावर काय लिहिलं आहे ते शिष्यानं तिथपासून सांगायचं. असं तीनदा. ह्यात कसाला उतरला तरच रोग्याला हात लावायची अनुज्ञा मिळे. नाही उतरला, तर पुढचं वर्ष.

सभेचा दिवस आला. वस्तीहून बाळोजी पायी चालत आले होते. खांबाशी बसून ते कान देऊन ऐकत होते, कारण परत जाताना आपल्याबरोबर वैद्य असणार ह्याची त्यांना खात्री होती. खात्री त्र्यंबकालाही होती. किंबहुना त्याच्याइतकी खात्री त्या मंडपात दुसऱ्या कुणालाच नव्हती.

पहिल्यांदा सळई पोथीच्या आरंभीच गेली. त्र्यंबकानं असं खणखणीत सांगितलं की सभेतून "वा!" असा उद्गार निघाला. दुसऱ्यांदा सळई मधल्या पानांत गेली. इथे मात्र तो घुटमळला. डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत त्या प्रकरणाच्या सुरुवातीपासून पुटपुटत येऊ लागला. मुख्य परीक्षक म्हणजे एक फार वृद्ध शास्त्रीबुवा होते. ते म्हणाले, "मागून धावत येऊ नकोस, बाळ. सळई जिथे आहे तिथून सांग." कसंबसं त्यानं तेही निभावलं.

तिसऱ्यांदा सळई ज्वरप्रकरणात गेली. बचनाग घातलेल्या एका औषधाचं ते पान होतं. बचनाग म्हणजे जहाल विष. शुद्ध करून, अगदी कणभर दिला तर औषध, जरा जास्त झाला तर मरण. त्र्यंबकानं सुरुवात केली आणि बघता बघता त्याला लय सापडली. शब्द आपोआप पुढे येऊ लागले. न अडखळता, मान उंच करून त्यानं सगळं सांगितलं आणि तो थांबला.

"झालं?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"हो, झालं."

"काही बदलायचं आहे? खात्री आहे तुझी?"

"पूर्ण खात्री आहे."

शास्त्रीबुवांनी सळई काढून बाजूला ठेवली. "शेजारच्याच पानावर सुंठीचं एक औषध आहे. दोन्ही श्लोकांची चाल एकच आहे. तू निम्म्यावरून त्या पानावर घसरलास आणि सुंठीचं प्रमाण बचनागाला लावलंस. तुझा रोगी मेला, त्र्यंबका."

चूक झाली ह्याचं त्र्यंबकाला दुःख होतंच, पण त्याहून मोठा धक्का वेगळाच होता. चूक होत असताना त्याला ती जराही जाणवली नव्हती. खांबाशी बसलेले बाळोजी हळूहळू उठले, उपरणं खांद्यावर टाकलं, आणि त्र्यंबकाजवळ येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "पुढच्या वर्षाला येतो पोरा," एवढंच बोलले आणि एकटेच घाटाकडे निघून गेले. ते मनाला लागेल असा एखादा शब्द बोलले असते तर त्र्यंबकाला बरं वाटलं असतं.

घरी येताच त्यानं गुरूंचे पाय धरले. "गुरुजी, माझं वाचन कमी पडलं. आता मी दुप्पट वाचीन. मला बागेच्या कामातून मोकळं करा. दिवसभर पोथी समोरून हलवणार नाही."

नारोपंतांनी ती पोथी उचलली, लाल फडक्यात गुंडाळली आणि माईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हाक मारली. "अहो, अंबाडीची सुतळी आणा जरा. आणि वाटीभर पाणी." सुतळी पाण्यात भिजवून त्यांनी पोथीभोवती आडवी-उभी बांधली आणि गाठीवर गाठ मारत गेले. भिजलेली सुतळी वाळली की किती आवळते, हे ज्यानं ती सोडवली आहे त्यालाच माहीत. गाठी मारून झाल्यावर त्यांनी पोथी त्र्यंबकाच्या हातात दिली.

"बागेतलं काम सुटणार नाही," ते म्हणाले. "रोज मी सांगेन ते पान तू काढायचंस. पण आधी गाठी सोडायच्या, आणि गाठी सोडता सोडता त्या पानावर काय आहे ते मोठ्यानं सांगायचं. चुकलास तरी चालेल, अडलास तरी चालेल, गप्प मात्र बसायचं नाही. गाठी सुटल्या की पान उघड, तुझं कुठे चुकलं ते बघ, आणि पोथी मिटून माझ्याकडे आण. मी पुन्हा बांधीन."

"पण गुरुजी, जे येत नाही म्हणून मी वाचायला बसतो, तेच वाचण्याआधी कसं सांगू?"

"ते मला ठाऊक नाही," नारोपंत म्हणाले आणि स्नानाला निघून गेले.

त्र्यंबकाला वाटलं, ही शिक्षा आहे. सभेत गुरूंची मान खाली गेली, त्याचा हा राग. दुसऱ्या दिवशी नारोपंतांनी काविळीचं पान सांगितलं. तो ओसरीवर बसला, गाठीत नखं घातली आणि बोलायला तोंड उघडलं. काय आश्चर्य, तोंडातून काही येईचना! जे पान त्यानं आजवर शेकडो वेळा वाचलं असेल, त्याची पहिली ओळ आली, तिसरीतला एक शब्द आला आणि पुढे नुसता अंधार. नखं दुखायला लागली, कपाळाला घाम आला. कशीबशी गाठ सुटली आणि पान उघडलं, तर अरे देवा, हे तर सगळं ओळखीचंच! आता एवढ्यात का नाही आठवलं? तो स्वतःवरच चरफडला.

असे दिवस जाऊ लागले. नारोपंत कधी सलग पानं सांगत नसत. आज विषबाधेचं, उद्या अतिसाराचं, परवा पुन्हा काविळीचं. कधी म्हणत, "मागच्या महिन्यात काढलं होतंस ते पान सांग." त्र्यंबक कुरकुरे, "कालचं विचारा गुरुजी, ते ताजं आहे. मागच्या महिन्यातलं पुसट झालं." नारोपंत म्हणत, "पुसट झालं आहे ना? मग तेच सांग." ओसरीवर कुणी रोगी आला की त्याची नाडी बघता बघता ते शिष्याकडे वळत. "ह्यांचं पोथीत कुठे आहे?" कधी सांगता येई, कधी येत नसे. माई आतून सगळं ऐकत असत. एकदा त्याला सुतळी दातांनी ओढताना पाहून त्या म्हणाल्या, "अरे, तुझं भांडण नक्की कुणाशी आहे? सुतळीशी की त्यांच्याशी? सुतळीशी असेल तर दात सांभाळ. त्यांच्याशी असेल तर मीही तुझ्या बाजूनं आहे." त्या दिवशी त्र्यंबक कितीतरी दिवसांनी हसला.

पण एका दुपारी त्याचा संयम सुटला. पान होतं तेच, बचनागाचं. ह्या पानानंच त्याचा घात केला होता. गाठी घट्ट होत्या आणि आठवत काहीच नव्हतं. बाळोजींची पाठमोरी मूर्ती सारखी डोळ्यांसमोर येत होती. इथे वर्ष चाललं आहे, आणि मी सुतळीच्या गाठी सोडवत बसलो आहे! तो तिरीमिरीत उठला, बागेतला कोयता आणला आणि एका घावात सुतळी तोडली. मग पान काढून तो पोटभर वाचत सुटला. एकदा, दोनदा, पुन्हा, पुन्हा. मन हळूहळू शांत झालं. बरं वाटलं. 'हे तर मला येतं,' तो स्वतःशी म्हणाला. 'सगळं येतं.'

वर पाहिलं तर नारोपंत समोर उभे होते. त्यांनी तुटलेल्या सुतळीकडे पाहिलं, रागावले मात्र नाहीत. खाली बसले, त्याच्या हातातलं पान घेऊन पालथं ठेवलं आणि म्हणाले, "सांग."

त्र्यंबकानं सुरुवात केली. दोन ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीला तो शेजारच्या पानावर घसरला, पुन्हा त्याच सुंठीवर! ह्या वेळी त्याचं त्यालाच ते ऐकू आलं आणि तो मधेच थांबला. आत्ता, नुकतंच, ह्याच डोळ्यांनी वाचलेलं! त्याला रडू कोसळलं. "माझं डोकंच नाही गुरुजी ह्या विद्येचं. मला परत पाठवून द्या. त्यांना दुसरा मुलगा पाठवू दे."

नारोपंतांनी त्याला रडू दिलं. मग ते बोलले. एरवी ते मोजकं बोलत, त्या दिवशी जरा अधिक बोलले.

"त्र्यंबका, तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही. तू ओळखण्याला आठवणं समजत आलास, एवढीच चूक. बाजारात एखादा माणूस समोर आला की चेहरा ओळखीचा वाटतो. पण तो समोर नसताना त्याचं नाव, गाव सांग म्हटलं तर जीभ अडते. पोथी उघडी असते तेव्हा बोलत असते ती पोथी, आणि तू नुसती मान डोलावत असतोस. वाचायला सोपं जातं, म्हणून तुला वाटतं की आलं. जितकं जास्त वाचावं तितकं ते अधिक सोपं जातं, आणि भ्रम अधिक पक्का होतो. त्याच भ्रमानं तू भर सभेत 'पूर्ण खात्री आहे' असं म्हणालास.

"रोग्याच्या अंथरुणाशी तुला काय करायचं आहे? पान आत घालायचं नाही, आतलं बाहेर काढायचं आहे. मग आजवर तू ते बाहेर काढायचा सराव किती केलास? गाठ सोडताना तुझा जीव कासावीस होतो ना, अभ्यास म्हणतात तो त्यालाच. विद्या पक्की होते ती त्या धडपडीत. चुकीचं का होईना, आधी सांगितलंस आणि मग पान पाहिलंस, तर ते पान तुझ्याशी काहीतरी बोलतं. न धडपडता पाहिलंस, तर ते मुकं राहतं. थोडं विसरू लागल्यावर विचारतो, कारण पुसट झालेलं खेचून काढलं की ते आधीपेक्षा खोल बसतं. आणि पानं उलटसुलट विचारतो, कारण रोगी काही अध्यायांच्या क्रमानं दारात येत नाहीत." एवढं बोलून ते उठले. "पहिल्यापासून सगळं पुन्हा वाचायचं, ह्याला मी अभ्यास म्हणत नाही. त्यात पहिली पानं झिजतात आणि शेवटची कोरी राहतात. जा, दुसरी सुतळी घेऊन ये."

त्र्यंबकानं डोळे पुसले आणि सुतळी आणली. त्या दिवशी ती त्यानं स्वतः भिजवली.

त्यानंतर घरात काही चमत्कार झाला असं समजू नका. गाठी तशाच आवळत होत्या आणि तोही तसाच अडत होता. फरक एवढाच पडला की अडण्याची त्याला भीती वाटेनाशी झाली. बागेत पाणी घालताना तो मनाशी एखादं पान काढून बघे. सुंठीचं आणि बचनागाचं पान तो मुद्दाम शेजारी शेजारी आठवी, कुठे सारखे आहेत, कुठे वेगळे होतात, हे माईंना समजावून सांगे. माई विचारत, "म्हणजे नक्की किती म्हणालास?" आणि त्या प्रश्नानं त्याचं उरलेसुरलं धूसर ज्ञानही उघडं पडे. मग काही महिन्यांनी असंही होऊ लागलं, की गाठ सुटायच्या आधी पान सांगून होई, आणि पोथी उघडायची गरजच उरत नसे. तरी तो उघडी आणि ताडून पाही. आणि जे येत नाही ते कोणतं, हे त्याला आता नेमकं सांगता येई. पूर्वी हेच त्याला कधी सांगता आलं नव्हतं.

पुन्हा सभा भरली. बाळोजी आले होते. वर्षभरात ते बरेच थकले होते, पण बसले मात्र पुढेच. त्र्यंबकानं त्यांना नमस्कार केला तेव्हा ते म्हणाले, "न्यायला आलोय बरं का." आज नापास झालो तर हा म्हातारा पुन्हा एकटा घाट चढणार, आणि पाऊस सरताना पुन्हा वस्तीत माणसं जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

पहिली सळई पोथीच्या शेवटाकडे गेली, जी पानं गेल्या वर्षी त्याला धड माहीतही नव्हती. त्यानं सळईच्या जागेपासून शांतपणे सांगितलं. दुसरी मधे गेली, तेही नीट पार पडलं. तिसरी सळई पुन्हा ज्वरप्रकरणात गेली. लहान मुलांच्या तापावरचं एक औषध होतं. त्र्यंबकानं घटक सांगितले, कृती सांगितली, पथ्य सांगितलं. मग तो थांबला.

सभा वाट पाहत राहिली.

"प्रमाण राहिलं," शास्त्रीबुवा म्हणाले.

"हो." त्र्यंबक स्पष्ट शब्दांत म्हणाला. "एक प्रमाण मनात येतं आहे. पण ते ह्याच औषधाचं की मोठ्या माणसांच्या औषधाचं, ह्याची मला खात्री नाही. मी ते सांगणार नाही. मुलांच्या औषधांची प्रमाणं ह्या प्रकरणाच्या शेवटी एकत्र दिली आहेत, तिथे ते सापडेल. पाहीन आणि मगच देईन."

सभेत कुजबूज सुरू झाली. एक तरुण परीक्षक जरा चढ्या आवाजात म्हणाला, "म्हणजे येत नाही, असंच ना?"

"नाही येत."

"गेल्या वर्षी विष पाजलंस, आणि ह्या वर्षी औषधच दिलं नाहीस!" तो म्हणाला आणि काहीजण हसले. नारोपंत मान खाली घालून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

शास्त्रीबुवा मात्र हसले नाहीत. त्यांनी बाळोजींकडे पाहिलं. "तुम्ही ह्याला न्यायला आलात ना? तुमच्या माणसांना औषध हा देणार आहे. भर सभेत 'मला येत नाही' म्हणणारा वैद्य तुम्हाला चालेल?"

बाळोजी गडबडले. एवढ्या विद्वानांपुढे बोलायची त्यांना सवय नव्हती. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"मला शास्तर कळत न्हाई, महाराज," ते म्हणाले. "गेल्या साली ह्यो पोरगा धडाधडा बोलला, तवा मला वाटलं, झाला आमचा वैद्य. तुम्ही सांगितलं म्हणून कळलं, न्हाईतर मी त्याला तसाच घिऊन गेलो असतो. त्याच पावसाळ्यात माझी सून तापानं पडली. वाटेवरून जाणारा एक औषधवाला आला. लई हुशार बोलायचा. मी इचारलं, बाबा, पोटुशी बाई हाय, चालंल न्हवं ह्ये औषद? एका शब्दाला अडला न्हाई तो. चालंल म्हणाला. दोघंबी गेली, महाराज. आई बी आन् पोटातलं बी. तो कुठं अडला असता, 'थांबा, मला ठाव न्हाई' म्हणाला असता, तर... ह्यो पोरगा अडला. आम्हाला अडणारा वैद्य पायजे."

ते खाली बसले. तरुण परीक्षकानं मान वळवली.

शास्त्रीबुवांनी सळई उचलून पोथीशेजारी ठेवली. मग त्र्यंबकाला म्हणाले, "गेल्या वर्षी तुला पोथी पाठ होती, असं तुला वाटत होतं. आज तुला पोथी किती येते ते ठाऊक आहे. रोग्याला हात लाव. अनुज्ञा आहे."

बाळोजींनी तोंडावर उपरणं धरलं. ते रडत होते आणि ते लपवावं असं त्यांना वाटत नव्हतं.

मंडप रिकामा झाल्यावर नारोपंतांनी पोथी शिष्यापुढे सरकवली. "पाहा आता." त्र्यंबकानं ज्वरप्रकरणाचा शेवट काढला, पान शोधलं, ओळीवर बोट ठेवलं आणि चकित होऊन वर पाहिलं.

"गुरुजी, माझ्या मनात आलं होतं तेच आहे! मी सांगितलं असतं तर बरोबर ठरलं असतं."

"बरोबर ठरलं असतं," नारोपंत म्हणाले. "पण तुला ते ठाऊक नव्हतं."

त्र्यंबकानं पान पालथं ठेवलं, डोळे मिटून ते प्रमाण सावकाश एकदा उच्चारलं, पान उलटून ताडून पाहिलं, आणि गुरूंच्या पायावर डोकं ठेवलं. बाहेर बाळोजी उभे होते. उजेड होता तोवर त्यांना पहिला घाट ओलांडायचा होता.

आज आपल्या मुलाला 'किती वाचलंस?' असं विचारू नका. त्याला पुस्तक मिटायला सांगा, समोर बसा, आणि तो आठवत असताना मधे बोलू नका.